इंजिनाच्या घरातला वारा

मे महिना अर्धा सरला की पोलादपूरच्या पुढे, महाबळेश्वरचा घाट जिथे चढायला लागतो तिथे, रस्त्याच्या कडेला गाड्या तोंड उघडून उभ्या राहतात. बॉनेट वर, माणसं झाडाखाली, पोरांच्या हातात वेफर्सच्या पिशव्या. काल एसटीतून उतरले तेव्हा अशाच एका पांढऱ्या गाडीपाशी एक गृहस्थ रुमाल गुंडाळलेला हात रेडिएटरच्या झाकणाकडे नेत होते. मी लांबूनच ओरडले, "ओ काका, थांबा! वाफ तोंडावर येईल."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही मेकॅनिक आहात का?"

"नाही. पण इथली आहे."

गाडीतल्या बाई हसल्या. काका मुकाट्याने झाडाखाली गेले. वेफर्सची रिकामी पिशवी मात्र त्यांच्या मुलाने रस्त्यावर टाकली होती. ती मी उचलून त्याच्याच हातात दिली आणि वाडीच्या वाटेला लागले. घाट चढताना इंजिन तापणं मी समजू शकते. घाट घाण करणं मला मान्य नाही.

आमच्याकडचा उकाडा देशावरच्या उन्हासारखा नसतो. तिकडे सावलीत गेलं की सुटका होते. इथे सावलीही घामाने भिजलेली असते. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये बशीत ठेवल्यासारखं महाड. समुद्र नकाशात जवळ दिसतो, पण त्याचा वारा खाडीतून वळत वळत येताना वाटेतच दमून बसतो. हवा असते, भरपूर असते, फक्त हलत नाही. आंब्याची पानं चित्रातल्यासारखी. दोरीवरचा कपडा जसा टाकला तसाच. असं झालं की मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा मे आठवतो आणि एकटीच असले तरी हसू येतं. त्या महिन्यात मी आणि साजिदा, आम्ही दोघी, विमानाच्या इंजिनाला वारा घालत होतो.

साजिदा महाडची. तिच्या अब्बूंचे टेम्पो. मुंबईचा माल इकडे, एमआयडीसीतली पिंपं तिकडे. तिचे मामू आखातातल्या एका विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. सामान चढवता चढवता त्यांनी एकदा दुरुस्तीला उभ्या असलेल्या विमानाचा फोटो काढून भाचीला पाठवला. इंजिनावरचं गोल झाकण दोन्ही बाजूंनी पंखांसारखं वर उचललेलं, आत नळ्या, तारा, पाइप यांचं जंगल. साजिदाने तो फोटो वर्गात माझ्यापुढे धरला.

"बघ ना गो. बॉनेट उघडलंय."

"एवढं मोठं?"

"आणि ह्याच्या आत चूल पेटलेली असते. तरी बाहेरचं झाकण वितळत नाही, तारा जळत नाहीत. का?"

त्या 'का'मध्ये आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला.

विमानवाले त्या झाकणाला काऊल म्हणतात. इंजिन आणि काऊल यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते. पुढून एका तोंडाने बाहेरची गार हवा त्या जागेत येते, इंजिनाच्या तापलेल्या अंगावरून, नळ्यातारांमधून फिरते आणि मागच्या तोंडातून निघून जाते. ऐकायला सोपं आहे. पण हवा कमी पडली तर तारांचं वेष्टन मऊ होतं, इंधनाची गळलेली वाफ कोपऱ्यात साचते. आणि जास्त झाली तर तेही वाईट. उगाच आत घेतलेल्या वाऱ्याचं ओझं विमानाला ओढावं लागतं. आणि कधी आत आग लागलीच, तर तोच वारा तिला फुंकर घालतो आणि आग विझवणारा वायू उडवून नेतो. म्हणून हवा मापात हवी, आणि ती कुठल्याही कोपऱ्यात थांबता कामा नये. इंजिनापेक्षा मला त्याच्या ह्या घराचंच जास्त कौतुक वाटायला लागलं. आतलं इंजिन आपल्या ताकदीने जगाला ओढून नेतं, पण त्याला सांभाळायला भोवती एक पातळ पत्रा लागतो आणि त्या पत्र्याला दोन शहाणी भोकं.

माझं नाव क्रांती. ते बाबांनी ठेवलं. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीने कामाला जात आणि उरलेल्या वेळात युनियनची पत्रकं लिहीत. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका बाजूला माझे अ-आ-ई, दुसऱ्या बाजूला 'कामगार बंधू-भगिनींनो!' त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. शाळेत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध मी 'बंधू-भगिनींनो'ने सुरू केला आणि पोलादपूरला कायमचा गुरांचा डॉक्टर मिळालाच पाहिजे, या मागणीने संपवला. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मुलं हसली. मला अजूनही त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या वर्षी आमची कपिला वेळेत उपचार न मिळाल्याने गेली होती.

त्या मेमध्ये बाबांची लढाई पंख्यांची होती. त्यांच्या शेडमध्ये भट्टीशेजारी माणसं भोवळ येऊन पडत. मागणी केल्यावर मालकाने भिंतीवर आणखी पंखे लावले. बाबा घरी येऊन शर्ट पिळत म्हणायचे, "पंखे वाढले नि गरमी पण वाढली. आता भट्टीचाच वारा तोंडावर येतो."

"मग पत्रक काढा ना," मी म्हणायची.

"काय लिहू? पंखे मागितले, ते दिले त्यांनी."

आई चुलीपुढून म्हणायची, "दोघं आधी जेवा. क्रांती नंतर करा."

आमचं इंजिन बनलं महाडच्या बाजारात, बशीरचाचांच्या दुकानात. बशीरचाचा पत्र्याचं काम करतात. मे महिना म्हणजे त्यांचा दिवाळी-ईद-शिमगा एकाच वेळी. जून तोंडावर आलेला, प्रत्येकाला घराची पन्हळ बदलायची, कौलांच्या खाली पत्रा सारायचा, खिडकीवर झड अडवायला पाखं बसवायचं. दुकानासमोर पत्रे, आत ठोकाठोकी, आणि ह्या सगळ्यावर चाचांचा आवाज. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. नाते गावाहून आलेल्या एका शेतकऱ्याला ते सांगत होते, "पन्हळ अशी बनवली हाय का पानी सरळ माझं नाव घेत खाली उतरेल!"

आम्ही आमचा कागद पुढे केला. आडवं पिंप, त्याच्या आत लोखंडी पाइप, पाइपात गिझरची कॉइल. ते झालं आमचं तापलेलं इंजिन. पिंप म्हणजे काऊल. पुढे हवेचं तोंड, मागे वरच्या अंगाला हवा बाहेर जायचं तोंड. समोर उभा पंखा, तो आकाशातला वारा.

चाचांनी कागद उलटसुलट पाहिला. "हे विमान हाय?"

"विमानाचं इंजिन, चाचा."

"उडेल?"

"नाही."

"मग बनवतो. उडणारं असतं तर तुझ्या अब्बूला इचारावं लागलं असतं."

साजिदाचं हसू तेवढ्यापुरतंच टिकलं. कारण खरोखरच तिच्या उडण्याचा प्रश्न होता. विमान दुरुस्तीच्या एका संस्थेत तिने अर्ज केला होता. तिथल्या मुलाखतीत आपला प्रोजेक्ट समजावून सांगायचा होता, आणि कॉलेजातले प्रोजेक्टचे गुणही तिथे धरले जाणार होते. अब्बूंनी साफ सांगितलं होतं, "सीट मिळाली तर शौकसे जा. नाय मिळाली तर हाय आपला ऑफिस. टेम्पोच्या बिल्ट्या लिही, मालाच्या पावत्या. ते पण इंजिनाचंच काम हाय." ते चिडून बोलत नसत, प्रेमानेच बोलत. म्हणून तर त्यांना नाही म्हणणं अवघड होतं.

चाचांनी पिंप सुबक केलं. मागच्या तोंडावर तर त्यांनी आपणहून एक छानशी पत्र्याची टोपी रिव्हेट मारून बसवली. "उघडा भोक ठेवू नको गो. पाऊस येल ना आत." आम्हालाही पटलं. विमान पावसातही उडतंच की. टोपी आमच्या कागदात नव्हती, पण दिसायला इतकी योग्य दिसत होती की आम्ही दोघींनी तिचं कौतुकच केलं.

पहिली चाचणी दुकानातच घेतली. पंखा सुरू, कॉइल सुरू, आत तापमान मोजायच्या तारा. आकडा चढायला लागला. थोडं चढून थांबेल असं गणित सांगत होतं. थांबला नाही. पंखा मोठा केला, तरी चढतच राहिला. शेवटी जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि आम्ही कॉइल बंद केली. आमची एक तार वितळून पिंपाला चिकटली होती. चाचा म्हणाले, "बघा, इंजिन एकदम असली बनवलाय मी!"

पुढचे कित्येक दिवस तेच. पुढचं तोंड मोठं केलं. पंखा जवळ आणला. पाइप हलवला. पिंपाच्या आत एक आडवी पट्टी लावली. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आणि आमच्या पिंपातली हवा दुपारच्या महाडसारखी जागच्या जागी उभी.

आमचे जाधव सर मनाने चांगले. आमचे आकडे पाहून म्हणाले, "मुलींनो, वेळ संपत आला. सगळेच थोडे जुळवून घेतात. गणितात जो आकडा येतो त्याच्या आसपासचे लिहा, आलेख सुंदर येईल. बाहेरून येणारे परीक्षक पिंपात हात घालून बघत नाहीत."

मी पेटलेच. बाहेर आल्याबरोबर सुरू झाले. खोटा आकडा म्हणजे खोटी साक्ष. असेच आकडे लिहून कारखान्यांची हवा शुद्ध होते आणि माणसं खोकून मरतात. आपण आलेले आकडे तसेच लिहायचे, नापास व्हायचं आणि छाती काढून सांगायचं की आम्ही खोटं लिहिलं नाही! स्टँडवर पाण्याच्या टाकीपाशी माझं भाषण चाललं होतं. एक आजोबा थांबून ऐकायलाही लागले होते.

साजिदा शांतपणे बाटली भरत होती. बाटली भरल्यावर तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "झालं?"

"का? तुला पटत नाही?"

"खोटं मी पण लिहिणार नाय. पण तुला हरायला आवडतं गो, क्रांती. मला नाय आवडत. तू हरलीस तर पत्रक काढशील. मी काय काढू? बिल्टी?"

पत्रकांच्या घरात वाढलेल्या माणसाला अन्याय पटकन दिसतो, तो सहन करायची सवयही लवकर लागते, आणि मग त्या सहन करण्याचीच शान वाटायला लागते. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने पाण्याच्या टाकीपाशी, बाटलीचं झाकण लावता लावता सांगितलं. ऐकणारे आजोबा म्हणाले, "पोर बोलतेय त्ये बरोबर हाय," आणि आपल्या गाडीकडे गेले. नक्की कोणती पोर, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती अगरबत्तीचा पुडा घेऊन दुकानात आली. "हवा दिसत नाय ना? मग दाखवूया तिला." कॉइल बंद ठेवली, फक्त पंखा. अगरबत्ती पेटवून तिने पुढच्या तोंडापाशी धरली. धूर सरळ आत गेला. "शाब्बास," चाचा म्हणाले. मग ती मागे गेली आणि टोपीपाशी अगरबत्ती धरली. तिथून धूर बाहेर ढकलला जायला हवा होता.

धूर टोपीतून आत शिरला.

आम्ही तिघंही बघत राहिलो. साजिदाने अगरबत्ती लांब नेली, परत आणली. धूर परत आत. पन्हळ न्यायला आलेला एक माणूसही वाकून बघायला लागला. त्या वासाने दुकान देवळासारखं झालं होतं आणि दर्ग्यासारखंही.

"चाचा," साजिदा हळूच म्हणाली, "टोपीचं तोंड कुठे आहे?"

"कुठं म्हंजे? पूर्वेला. पाठ पश्चिमेला. टोपीची पाठ पश्चिमेलाच असते. पाऊस समुद्राकडनं येतो, का नाय? माझ्या बापाने पण तशीच बसवली, मी पण तशीच बसवतो. आख्ख्या महाडात एक टोपी दाखव पश्चिमेला तोंड केलेली!"

आणि पंखा होता दारात. दुकानाचं दार पूर्वेला, विजेचं बटण दारापाशी, म्हणून पंखाही तिथेच. म्हणजे टोपी पंख्याकडे तोंड वासून बसली होती. पुढच्या तोंडातून वारा आत, मागच्या तोंडातूनही वारा आत. पिंपातल्या तापलेल्या हवेला दोन दारं, आणि दोन्हींतून माणसं आत घुसतायत. तिने बाहेर पडावं कसं? आम्ही दोघी चार वर्षं हवेचा दाब शिकलो होतो, पण जन्मल्यापासून बघत आलो होतो त्या टोप्या. आमच्या गावाच्या प्रत्येक छपरावर त्या तशाच बसलेल्या. मग ती आम्हाला चुकीची दिसणार कशी?

सगळ्यात आधी चाचाच हसले. मग जे हसायला लागलो ते पन्हळवाला माणूस "आता माझी पन्हळ तर सरळ हाय ना?" म्हणेपर्यंत, आणि त्यानंतर आणखी जोरात. रिव्हेट काढून टोपी उलट फिरवताना मात्र चाचांचा हात अडखळत होता. "पाठ पूर्वेला… पाऊस जाईल गो आत."

"चाचा, विमानाला पाऊस नेहमी पुढूनच लागतो. कुठेही उडत असलं तरी."

चाचांनी हातोडी खाली ठेवून विचार केला. "म्हंजे त्याची पश्चिम त्याच्याबरोबरच फिरते."

"हां!"

"मग आधी सांगायचं ना."

टोपी फिरली. आता टोपीच्या पाठीवरून जाणारा वारा तिच्या तोंडातून आतली हवा ओढून घेत होता. अगरबत्तीचा धूर पुढून आत गेला, पिंपातून फिरला आणि मागून एक लांब, निवांत रेघ होऊन बाहेर पडला. कॉइल सुरू केली. आकडा चढला आणि गणिताने सांगितलं होतं त्याच्या जरा वर जाऊन थांबला. थांबलेला आकडा इतका सुंदर असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. साजिदा त्याच्याकडे झोपलेल्या बाळाकडे बघावं तशी बघत होती.

परीक्षेला पुण्याकडचे परीक्षक आले. त्यांनी आमच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "हे पहिले आकडे तर फसलेले आहेत. ते कशाला ठेवलेत?"

माझ्या ओठांवर पत्रक आलं होतं. मी ते गिळलं.

साजिदा म्हणाली, "सर, टोपी उलटी असली की हेच आकडे येतात. पुढे कुणाची उलटी बसली तर त्याला कळायला हवं ना, काय झालं ते."

"दाखवा उलटी करून."

तिने स्क्रू काढले, टोपी फिरवली. आता रिव्हेटच्या जागी आम्ही स्क्रू लावले होते. परीक्षकांनी स्वतःचा हात टोपीपुढे धरला. "अरे, खरंच आत घेतंय." मग लहान मुलासारखं तीन वेळा करायला लावलं. जाधव सर मागे उभे राहून घाम पुसत होते, आणि नंतर सगळ्यांना सांगत होते की ह्या मुलींना मी पहिल्यापासून सांगत होतो.

त्या उन्हाळ्यातलं बाकीचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. साजिदाला सीट मिळाली त्या दिवशी अब्बूंनी टेम्पोच्या मागच्या फळीवर पेंटरकडून एक विमान काढून घेतलं. पेंटरने विमानाला चुकून टेम्पोची चाकं काढली, ती तशीच राहिली. बाबा आमचं पिंप बघायला सुट्टीच्या दिवशी दुकानात आले. त्यांनी अगरबत्ती पुन्हा पुन्हा लावून पाहिली. आठवड्याने त्यांचं पत्रक निघालं. त्यात पंख्यांची मागणी नव्हती. 'तापलेल्या हवेला छपरातून बाहेर जायला वाट द्या,' एवढंच होतं, आणि खाली बाबांनी स्वतः काढलेलं शेडचं चित्र. बाण आत येणारे, बाण बाहेर जाणारे. बाबांच्या शेडला छपरात झरोके पडले. शेजारच्या शेडला अजून नाहीत. ती लढाई चालू आहे आणि ह्या मेमध्ये तिचं पत्रक मी लिहिते आहे.

एक मात्र मला त्या पिंपाने शिकवलं. जिथे जिथे माणसं कोंडून तापतात तिथे आपण ओरडतो, आणखी हवा द्या. घरात, कारखान्यात, सभेत, भांडणातसुद्धा. पण आत येणारी हवा नेहमी पुरेशी असते. बाहेर जायचं तोंड कुठे वळलंय हे बघायला कुणी जात नाही, कारण ते तोंड आपणच, आपल्या सवयीने, फार प्रेमाने बसवलेलं असतं.

काल रात्रीचं जेवण होऊन अंगणात बसले होते तेव्हा साजिदाचा फोन आला. ती आता एका मोठ्या शहरातल्या हँगरमध्ये काम करते. तिथेही उकाडाच, पण तिच्या आवाजात हसू होतं.

"आज भरपूर शिव्या खाल्ल्या गो."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. माझ्याकडचं काऊलचं काम झालं होतं, कागदावर माझी सही राहिली होती. विमान निघायला उशीर झालेला, वरचे साहेब डोक्यावर उभे, सही कर, सही कर. आणि मला आठवेना, मागच्या तोंडातून आत हात घालून बघितलं की नाय. धुताना त्या तोंडांवर पट्टी लावतात ना, ती काढली की नाय. साहेब म्हणाले, काढलीच असशील."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, उघडा. पूर्ण काऊल परत उघडायला लावलं. लोक तिकडे विमानतळावर बसून तापले असतील, माझ्या नावाने खडे फोडत. साहेबांनी तर हँगरभर ऐकवलं."

मी उठून उभी राहिले. "आणि होती पट्टी?"

"नाय. काढली होती मीच. सगळं बरोबर होतं."

"काहीच सापडलं नाही?"

"काय पण नाय," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "मग सही केली."